हार्ट आणि शुगरच्या हॉस्पिटलात पहिल्यांदा जाताय? हे वाचून निघा

गावाकडच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी बघून "एकदा पुण्याला नाहीतर मुंबईला हार्टच्या डॉक्टरांना दाखवून या" असं सांगितलं की घरात फोनाफोनी सुरू होते, कुणी म्हणतं अमुक हॉस्पिटल चांगलं, कुणी म्हणतं आमच्या साडूंचं तमुक ठिकाणी झालं, आणि या सगळ्यात पेशंटचे जुने रिपोर्ट नेमके कुठे आहेत हे कुणालाच माहीत नसतं. आमच्याकडे नातेवाइकांत कुणाचंही हॉस्पिटलचं काम निघालं की फोन मलाच येतो, म्हणून दर वेळी तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतोय. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी घ्यायची, कुठली बंद करायची ते तुमचे डॉक्टरच सांगणार. मी सांगतोय ते कागद, रांगा, तपासण्या, पैसे आणि केबिनमध्ये विचारायचे प्रश्न याबद्दल.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच चालतं. अशा हॉस्पिटलात हार्टचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, किडनीचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे, पण पेशंट एकच असतो. हे सगळे एकाच बिल्डिंगमध्ये बसले तरी एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचलंच असेल असं धरून चालू नका, ते जुळवायचं काम बरोबर आलेल्या माणसाचं. त्यामुळे बरोबर कोण जाणार हे आधी ठरवा, आणि शक्यतो दर वेळी तोच माणूस जाऊ दे. सोमवारी मुलगा, गुरुवारी जावई, पुढच्या महिन्यात पुतण्या असं झालं की कुणालाच धड काही माहीत नसतं.

घाई आहे का, ते आधी बघा

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, दरदरून घाम, दम लागणं, असं आत्ता चालू असेल तर हा लेख बंद करा आणि १०८ ला फोन लावा. महाराष्ट्रात ही ॲम्ब्युलन्स सेवा २०१४ पासून आहे आणि पैसे लागत नाहीत. अशा वेळी पुण्यामुंबईचं मोठं हॉस्पिटल गाठायच्या नादात तीन तास गाडीत घालवण्यापेक्षा जवळ जिथे ईसीजी निघतो आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळतं तिथे आधी जायचं, पुढे कुठे हलवायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील. पेशंटला स्कूटरवर मध्ये बसवून नेऊ नका, आणि शेजारच्या काकांच्या डब्यातली सॉर्बिट्रेट (नसा सैल करणारी छातीदुखीची गोळी) स्वतःच्या मनाने जिभेखाली ठेवू नका, बीपी आधीच खाली असेल तर अजून खाली जातं.

शुगरवाल्यांचं अजून एक आहे. बरीच वर्षं डायबेटीस असला की नसांवर परिणाम झालेला असतो आणि हार्ट ॲटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागतो, घाम येतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, आणि घरचे म्हणतात ॲसिडिटी असेल, सोडा प्या. आता घाम शुगर लो झाली तरी येतोच. म्हणून घरात ग्लुकोमीटर असेल तर लगेच बोट टोचून बघा, ७० च्या खाली असेल तर साखर द्या, आणि शुगर ठीक असूनही घाम आणि दम चालूच असेल तर उशीर करू नका, सरळ ईसीजी.

बाकी ज्यांना "सावकाश दाखवून या" म्हटलंय त्यांच्याकडे वेळ आहे. तो तयारीसाठी वापरा.

फाईल आणि यादी

प्लास्टिकच्या पिशवीत चुरगळलेले रिपोर्ट घेऊन जाऊ नका. एक साधी कप्प्यांची फाईल घ्या, त्यात सगळ्यात वर नवीन कागद, खाली जुने, तारखेप्रमाणे. जुने ईसीजी तर नक्की लावा, कारण आजच्या पट्टीत दिसणारा बदल नवा आहे की पाच वर्षांपूर्वीही होता हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं. ईसीजीचा थर्मल कागद उन्हाने पुसट होतो म्हणून मोबाईलवर फोटो आणि एक झेरॉक्स काढून ठेवा. आधी अँजिओग्राफी (हार्टच्या नसांतले ब्लॉकेज बघायची तपासणी) झाली असेल तर नुसता रिपोर्ट चालत नाही, सीडी न्या किंवा ज्या लिंकवर व्हिडिओ आहे ती लिंक. स्टेंट (नस उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवलेला असेल तर फाईलमध्ये स्टेंटच्या बॉक्सचं स्टिकर चिकटवलेलं असतं, ते पान हरवू देऊ नका.

आता यादी. माझ्या मते सगळ्या फाईलपेक्षा हे एक पान जास्त उपयोगी पडतं. एका कोऱ्या कागदावर पेशंट सध्या घेतोय त्या सगळ्या गोळ्या लिहा, पण नुसतं कंपनीचं नाव नको, स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते आणि किती मिलिग्रॅम ते. म्हणजे "मेटफॉर्मिन ५००, सकाळ-रात्र जेवणानंतर", "टेल्मिसार्टन ४०, सकाळी", "अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २०, रात्री" असं. इन्सुलिन असेल तर कुठलं आणि किती युनिट. आयुर्वेदिक काढा, गुडघ्याची पेनकिलर, कुणीतरी दिलेली "शुगरची पावडर", सगळं लिहा, लाजू नका. खाली एक ओळ, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे. हा कागद प्रत्येक डॉक्टरांच्या टेबलावर आधी ठेवायचा, आणि केबिनमधून बाहेर पडताना त्यात झालेला बदल तिथेच पेनने करायचा.

हे का सांगतोय ते बघा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या शुगरसाठी आल्या आणि मग लक्षात आलं की हार्ट फेल्युअरमध्येही, म्हणजे हार्टचं पंपिंग कमी पडतं तेव्हाही, त्या चांगलं काम करतात, त्यामुळे आता हार्टचे डॉक्टरही त्या लिहितात, अगदी शुगर नसलेल्या पेशंटलासुद्धा. आमच्या एका आत्याबाईंना शुगरच्या डॉक्टरांनी एका कंपनीची लिहिली होती, हार्टच्या डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीची, दोन वेगळे रंग, दोन वेगळी नावं, आतलं औषध एकच. मेडिकलवाल्याने दोन्ही स्ट्रिप काउंटरवर शेजारी ठेवून मागची बाजू दाखवली तेव्हा कळलं. उलटही होतं, पायोग्लिटाझोन नावाची शुगरची गोळी हार्ट फेल्युअर असलेल्यांना शक्यतो देत नाहीत कारण तिने अंगात पाणी साठतं, पण ज्याला पायावर सूज आहे त्याच्या यादीत ती जुन्या कॉम्बिनेशन गोळीत लपलेली असू शकते. यादी टेबलावर असली की हे डॉक्टरांच्या नजरेत भरतं.

पैशाचं आधी बोला, नंतर नाही

इथे बरेच लोक संकोच करतात आणि तिथेच फसतात. आधी हे बघा की हॉस्पिटल कुठल्या योजनेत आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही आता राज्यात एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, आणि अँजिओप्लास्टी, बायपास, व्हॉल्व्हची ऑपरेशनं त्यात येतात. पूर्वी पिवळं-केशरी रेशनकार्ड असं असायचं, आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आहे. पण ओपीडीची फी आणि साध्या तपासण्या यातून होत नाहीत, ॲडमिट होऊन यादीतली प्रोसिजर असेल तरच. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं काउंटर असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन डॉक्टरांच्या आधी तिकडे चक्कर मारली तरी चालेल. टोल फ्री नंबर १५५३८८ आणि १८०० २३३ २२००, हॉस्पिटल यादीत आहे का ते घरूनच विचारा. आणि एक, हॉस्पिटल यादीत आहे म्हणजे हार्टसाठी आहेच असं नाही, "कार्डिओलॉजी आहे का" असं नेमकं विचारा. रेशनकार्डावर पेशंटचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते बघा, आईचं नाव एका ठिकाणी शकुंतला आणि दुसऱ्या ठिकाणी शकुबाई असलं की तिथे अर्धा दिवस जातो.

पेशंटचं वय ७० किंवा जास्त असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असू दे, वर्षाला ५ लाख. आधारवर निघतं. आजारी पडायच्या आधी काढून ठेवायची ही गोष्ट आहे.

धर्मादाय हॉस्पिटल म्हणजे ट्रस्टचं, यातली कित्येक दिसायला पंचतारांकित असतात पण कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. तिथे "समाजसेवा विभाग" कुठे आहे ते विचारायचं, तिथल्या समाजसेवकांना एमएसडब्ल्यू म्हणतात, त्यांच्याशी नीट बोला, उगाच हुज्जत घालू नका, त्यांच्या हातात खरंच बरंच काही असतं.

मेडिक्लेम असेल तर टीपीए डेस्कला (विमा कंपनीच्या वतीने क्लेमचं काम बघणारं काउंटर) कार्ड दाखवून दोन गोष्टी विचारा, कॅशलेस आहे का आणि तुमच्या पॉलिसीत रूमचं भाडं किती धरलंय. रूम त्याहून महाग घेतली तर नुसत्या भाड्यातला फरक भरून भागत नाही, बऱ्याच पॉलिसींमध्ये डॉक्टरांची फी, ओटीचा चार्ज सगळंच त्या प्रमाणात कापलं जातं. २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपनीने कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असते, अडवून ठेवलं तर हे आठवणीत असू दे. आणि फॉर्ममध्ये शुगर किती वर्षं आहे ते खरं लिहा, केसपेपरवर "दहा वर्षं डायबेटीस" आणि पॉलिसीच्या फॉर्मवर "नाही" असं असलं की क्लेम अडकतो.

यातलं काहीच नसेल तर सरकारी आणि महापालिकेची हॉस्पिटलं आहेत, मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, पुण्यात ससून. गर्दी आहे, वेळ लागतो, पण नाक मुरडू नका. परळच्या केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं होतं.

सकाळची रांग: फास्टिंग, पीपी आणि चहा

शुगरची पूर्ण तपासणी करायची तर उपाशी जावं लागतं, रात्रीच्या जेवणानंतर साधारण आठ ते दहा तास. पाणी चालतं. चहा चालत नाही, बिनसाखरेचा पण नाही, आणि "फक्त एक बिस्किट" पण नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचं नाही, रक्त दिल्यावर नाश्त्याबरोबर घ्यायचं, कारण पीपी म्हणजे खाल्ल्यावर दोन तासांनी बघतात ती शुगर, रोजचं औषध आणि रोजचं खाणं घेऊन ती किती जाते ते बघायचं असतं. बीपीची आणि हार्टची सकाळची गोळी मात्र सहसा पाण्याबरोबर घेतात, आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. बरेच जण "तपासणी आहे" म्हणून सगळ्याच गोळ्या बंद ठेवून येतात आणि मग बीपी १८० दिसतं.

पीपीचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, जेवण संपल्यापासून नाही. घड्याळात वेळ लिहून ठेवा. आणि नाश्ता रोजचा करा, त्या दिवसापुरती मुद्दाम काकडी खाऊन रिपोर्ट चांगला आणण्यात काय अर्थ आहे. (शुगर हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सकाळी सगळ्यात जास्त काय खपत असेल तर बटाटेवडा, आहारतज्ज्ञांच्या केबिनबाहेर वास येत असतो. असो.)

एचबीए१सी ला उपाशी लागत नाही, तो तीन महिन्यांचा सरासरी हिशोब. ७ आला म्हणजे सरासरी शुगर १५४ च्या आसपास. रक्त कमी असेल, म्हणजे हिमोग्लोबिन घसरलेलं असेल, तर हा आकडा चुकीचा दिसू शकतो, आपल्याकडे बायकांमध्ये हे फार आहे, तेव्हा दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांसमोर एकत्र ठेवा.

बाहेरगावाहून पहाटेच्या एसटीने येणार असाल तर पेशंटच्या खिशात साखर असलीच पाहिजे. गोळी घेतलीय, नाश्त्याला उशीर झाला, रांग सरकत नाही, आणि हातपाय थरथरायला लागले की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत शुगर बघायची. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा लागते. मेटोप्रोलॉलसारखी हार्टची गोळी चालू असेल तर शुगर लो झाल्यावर धडधड आणि थरथर जाणवत नाही, फक्त घाम येतो, हे घरच्यांना माहीत पाहिजे. इन्सुलिन नेताना बर्फाला चिकटवू नका, गोठलं की वाया गेलं, ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात ठेवलं तरी प्रवासापुरतं भागतं.

कुठल्या तपासणीला काय करतात

ईसीजी पाच मिनिटांचं काम. २डी इको म्हणजे हार्टची सोनोग्राफी, डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला गार जेली लावतात, दुखत नाही, उपाशी लागत नाही. रिपोर्टमध्ये ईएफ नावाचा आकडा बघा, हार्ट एका ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतंय तो, ५५-६० च्या पुढे म्हणजे साधारण चांगला. १०० पैकी ६० म्हणजे काठावर पास असं समजून रडणारे लोक मी बघितलेत, तसं नसतं, १०० कुणाचाच नसतो.

स्ट्रेस टेस्टला ट्रेडमिलवर चालवतात, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. बूट घालून जा, आईला साडीत चप्पल घालून नेलं तर परत पाठवतात, पंजाबी ड्रेस नाहीतर सैल कपडे. गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा, त्यांना दुसऱ्या तपासण्या आहेत.

शुगरच्या बाजूला डोळे, पाय, किडनी. डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध टाकतात, त्यानंतर काही तास अंधुक दिसतं आणि ऊन सहन होत नाही, त्या दिवशी स्वतः बाईक चालवत जाऊ नका. पायांना एक बारीक नायलॉनचा दोरा टोचून बघतात, १० ग्रॅमचा, डोळे मिटून "लागतंय का" विचारतात. ज्यांना लागत नाही त्यांनी पुढच्या वारीला अनवाणी चालायचा विचार मनातून काढावा, देवाला पण चालेल. किडनीसाठी रक्तात क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) आणि लघवीत अल्ब्युमिन (किडनीतून गळणारं प्रोटीन). लघवीची ही तपासणी लोक टाळतात आणि तीच सगळ्यात आधी सांगते, क्रिएटिनिन बिघडतं ते खूप उशिरा.

बारीक माणसांनी "मला कशाला" म्हणू नये. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि त्यांचे इंग्लंडचे सहकारी युडकिन यांचा शेजारी उभे असलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडची हडकुळी माणसं पोटात चरबी बाळगून असतात.

केबिनमध्ये

सात-आठ मिनिटं मिळतात, काही ठिकाणी तेवढीही नाहीत. त्यात "तसं काही नाही हो डॉक्टर, थोडं असं होतं" यात तीन जातात. सरळ सांगायचं, किती पायऱ्या चढल्यावर दम लागतो, आधी किती चढायचे, रात्री उशी किती लागते, पायाला सूज येते का, कधीपासून. तंबाखू, बिडी, दारू खरं सांगा, सुनेसमोर नको असेल तर तिला बाहेर थांबवा. वडिलांचा किंवा भावाचा कमी वयात ॲटॅक झाला असेल तर ते आवर्जून सांगा.

प्रश्न आधी मोबाईलवर नाही, कागदावर लिहून न्या. माझे ठरलेले असतात. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती हवंय? (हार्टचा त्रास असलेल्यांना साधारण ७० च्या आत, बऱ्याचदा ५५ च्या आत सांगतात, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर छापलेला नॉर्मल आकडा यांच्यासाठी नसतो.) बीपी किती? एचबीए१सी किती? म्हाताऱ्या माणसाला ७ च्या मागे लावू नये, शुगर लो व्हायचा धोका असतो, म्हणून "यांच्यासाठी किती" असं विचारायचं. आणि शेवटी, तुम्ही दिलेली गोळी शुगरच्या डॉक्टरांच्या गोळीबरोबर चालेल ना? यादी तिथेच पुढे करायची.

आहारतज्ज्ञांकडे पाठवलं तर छापील डाएट चार्ट घेऊन परत येऊ नका, त्यात ओट्स आणि ब्रोकोली असते आणि घरी भाकरी, आमटी, उसळ असते. आपण दिवसभर काय खातो ते सांगून त्यातच बदल करून मागा. उपवासाचं विचारा, साबुदाण्याची खिचडी शुगर किती चढवते ते एकदा दोन तासांनी मोजून बघा म्हणजे वाद संपेल. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, पापड-लोणचं-ठेचा सगळं धरून. "लो सोडियम" मीठ स्वतःच्या मनाने सुरू करू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते अंगावर येऊ शकतं.

अँजिओ सांगितली तर

अँजिओग्राफी म्हणजे तपासणी, अँजिओप्लास्टी म्हणजे स्टेंट घालणं. बहुतेक वेळा मनगटाच्या नसेतून करतात, क्वचित जांघेतून. तपासणी अर्ध्या तासात होते, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. आत डाय (एक्स-रेत नसा दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) सोडतात, तो किडनीतून बाहेर जातो, म्हणून क्रिएटिनिन आधी बघतात. मेटफॉर्मिन थांबवायची का, किती दिवस, हे किडनीच्या आकड्यावर ठरतं, आणि उपाशी ठेवणार त्या सकाळी इन्सुलिन किती घ्यायचं हेही लिहून घ्या. नुसतं "उद्या उपाशी या" एवढंच कुणी सांगितलं तर थांबवून विचारा, कारण सांगणारा हार्टच्या विभागातला असतो आणि इन्सुलिन त्याने लिहिलेलं नसतं.

फॉर्मवर सही करायच्या आधी एक विषय काढा: ब्लॉकेज सापडलं तर लगेच तिथेच स्टेंट टाकणार का? ॲटॅक चालू असेल तर यात घोळ घालायचा नाही, नस उघडायची, एकेक मिनिट मोलाचं असतं. पण पेशंट स्थिर असेल, आणि विशेषतः शुगर आहे आणि दोन-तीन नसांत ब्लॉकेज आहेत, तर बाहेर येऊन बोलायला वेळ असतो. २०१२ साली फ्रीडम नावाचा १९०० पेशंटचा अभ्यास आला होता, सगळे डायबेटीसवाले आणि एकाहून जास्त नसा बंद असलेले, त्यात स्टेंटपेक्षा बायपास केलेल्यांमध्ये मृत्यू आणि ॲटॅक कमी दिसले, पॅरालिसिसचा झटका मात्र बायपासवाल्यांत जास्त होता. म्हणजे शुगर आहे की नाही यावर स्टेंट की बायपास हा निर्णय बदलू शकतो. सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर दाखवा, चांगले डॉक्टर रागवत नाहीत.

स्टेंटच्या किमतीला २०१७ पासून सरकारने कमाल मर्यादा लावलीय, औषधाचा लेप असलेल्याला तेव्हा २९,६०० होती, नंतर वेळोवेळी बदलत गेली. बिलात स्टेंटची कंपनी, नाव आणि किंमत वेगळी लिहून मागा. "पॅकेज" म्हणाले तर त्यात स्टेंट किती, बलून धरलाय का, आयसीयूचे किती दिवस, हे कागदावर घ्या. जनरल वॉर्ड आणि सिंगल रूम यात नुसत्या खाटेचा फरक नसतो, बऱ्याच खासगी ठिकाणी त्याच डॉक्टरांची त्याच ऑपरेशनची फी रूमप्रमाणे बदलते.

बायपास ठरलं तर डापा-एम्पावाल्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, ते विचारा. शुगर जास्त असेल आणि घाई नसेल तर आधी ती खाली आणतात, छातीची जखम भरायला तेच लागतं. रक्तदाते लागतील, गावाकडच्या ग्रुपवर वेळेत टाका.

ॲडमिट असताना

सिस्टरांशी, मामा-मावशींशी नीट वागा, रात्री दोनला तेच असतात. आयसीयूत एकालाच सोडतात, बाकी वीस जणांनी खाली पार्किंगमध्ये बसून काही होत नाही, घरी पाठवा. राउंडला डॉक्टर कधी येतात ते विचारून त्या वेळी हजर राहा. घरची गोळी हॉस्पिटलच्या गोळीबरोबर उशीखालून देऊ नका, आणि घरून डबा आणताना विचारून आणा, इन्सुलिन तिथल्या जेवणावर ठरवलेलं असतं.

औषधं हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती करता येत नाही, रुग्ण हक्कांच्या सनदेत तसं आहे. कागदपत्रांच्या प्रती लेखी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. बिल दर दोन दिवसांनी बघायला मागा, शेवटच्या दिवशी एकदम बघून डोळे पांढरे करण्यापेक्षा.

डिस्चार्जच्या दिवशी

सगळ्यांना घरी जायची घाई असते, म्हणून इथेच गडबड होते. डिस्चार्ज कार्ड घेऊन तुमची यादी शेजारी ठेवा आणि एकेक ओळ जुळवा, कुठली जुनी गोळी चालू, कुठली बंद, कुठली नवी. कार्डावर एखादी जुनी गोळी नसेल तर ती मुद्दाम काढलीय की लिहायची राहिलीय हे विचारा. आयसीयूत इन्सुलिन लावलं असेल तर घरी तेच चालू ठेवायचं की परत गोळ्या, आणि शुगरच्या डॉक्टरांकडे कधी यायचं, हे हार्टच्या कार्डावर बहुधा नसतं.

स्टेंटनंतर ॲस्पिरिनबरोबर दुसरी एक रक्त पातळ ठेवायची गोळी असते, क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. ॲटॅकनंतर ती साधारण वर्षभर सांगतात. "आता बरं वाटतंय" म्हणून, ॲसिडिटी झाली म्हणून, दात काढायचाय म्हणून ती आपली आपण बंद करायची नाही, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दातांचे डॉक्टर थांबवा म्हणाले तर त्यांना हार्टच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला सांगा. गावातल्या मेडिकलमध्ये ती मिळते का ते आधी बघा, नसेल तर दिवाळी, गणपतीच्या सुट्ट्या धरून जास्तीची स्ट्रिप घेऊन ठेवा. जनऔषधी केंद्रात यातल्या बऱ्याच गोळ्या फार स्वस्त मिळतात, मूळ नाव जुळलं पाहिजे, ते यादीत आहेच.

बायपासवाल्यांनी दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही, बाईक नाही, बादली नाही, नातवंडांना उचलणं पण नाही, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. बायपाससाठी ज्या पायातून नस काढलीय त्याला सूज येते, पण लाल झाला, पाणी यायला लागलं किंवा ताप आला तर तारखेची वाट न बघता फोन करा. फोन कुणाला करायचा, रात्रीचा नंबर कुठला, हे निघायच्या आधी सिस्टरांकडून घेऊन यादीच्या मागच्या बाजूला लिहा आणि त्याची एक झेरॉक्स घरी फ्रिजवर चिकटवा.